मोफत वकील, दोन वकील: बाल न्याय मंडळापुढचे आमचे पाच महिने

मुलाचं नाव, गाव, शाळा, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं त्याला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी लिहिलं नसतं. तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, एवढं पुरे. मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. हे लिहितेय ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या मोफत वकिलाबद्दल. आम्हाला तो लागला तेव्हा धड माहिती देणारं कुणी भेटलं नाही. जे भेटले ते दोनच गोष्टी सांगायचे. एक, "फुकटचा वकील नुसता उभा राहतो." दोन, "अहो लहान आहे तो, त्याला काही होत नाही." पहिली अर्धी खरी निघाली. दुसरी साफ खोटी.

घडलं ते असं. रात्री नऊच्या सुमारास तिघांनी एका डिलिव्हरी करणाऱ्या पोराला अडवलं, त्याचा मोबाईल हिसकावला आणि त्याच्या हातावर कोयता मारला. कोयता मारणारा बावीस वर्षांचा. आमचा मुलगा गाडी चालू ठेवून गाडीवरच बसला होता. तो तिथे होता, हे मी झाकणार नाही. त्या पोराची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, हेही मला माहीत आहे. कसं माहीत ते शेवटी सांगते.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची दोन मोठी कलमं लावली, १०९ आणि ३११. पहिलं खुनाच्या प्रयत्नाचं. दुसरं, जबरी चोरी करताना घातक शस्त्र वापरलं किंवा गंभीर दुखापत केली त्याचं. आम्ही घरची माणसं १०९ ऐकूनच गार पडलो. खरी गोम ३११ मध्ये होती, हे कळायला आम्हाला दीड महिना लागला.

गोम अशी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, मूल १६ वर्षं पूर्ण केलेलं असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ त्याचं 'प्राथमिक मूल्यांकन' करतं आणि मग त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का ते ठरतं. 'किमान' हा शब्द इथे महत्त्वाचा. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण खाली सात वर्षांची मर्यादा नाही, म्हणून एकट्या त्या कलमावर मूल्यांकन होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यातही आलं. ३११ ला मात्र सातच्या खाली शिक्षा देताच येत नाही. त्या एका कलमानं आमचं पोर बालकांच्या रांगेतून उठून मोठ्यांच्या रांगेच्या टोकाशी जाऊन उभं राहिलं.

आणि वय. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर त्याचा जन्म ऑक्टोबरातला. शाळेच्या जनरल रजिस्टरला १ जून. पहिलीत लवकर घ्यावं म्हणून कुणीतरी चार महिने आधीची तारीख लिहिलेली. घटनेच्या दिवशी तो जन्मदाखल्यानं पंधरा वर्षं दहा महिन्यांचा होता, शाळेच्या नोंदीनं सोळा वर्षं दोन महिन्यांचा. मला वाटलं, सुटलो. पण कलम ९४ मध्ये शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी धरतात. नगरपालिकेचा दाखला ते नसेल तरच, आणि हाडांची तपासणी त्याच्याही नंतर. मी माझ्या शाळेत अठरा वर्षं तसलंच रजिस्टर हाताळतेय. आईबाप हात जोडून म्हणतात, "मॅडम, एक वर्ष वाया जाईल हो पोराचं," आणि तारीख बसवली जाते. मी स्वतः बसवलेली आहे. त्या १ जूनचं पुढे काय होऊ शकतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आता एकही तारीख मी जन्मदाखला पाहिल्याशिवाय लिहीत नाही.

आता सेवेबद्दल.

खासगी वकिलांनी आधी पन्नास हजार मागितले. भावोजी रंगकाम करतात, ताई दोन घरी स्वयंपाक करते. मी १५१०० वर फोन लावला, हा विधी सेवेचा टोल फ्री नंबर. तिथून सांगितलं की जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कार्यालयात जा. गेले. टेबलावरच्या माणसानं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. तो आणायला आठ दिवस गेले असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अटच नाही. हे मी वाचून गेले होते म्हणून बोलू शकले. आतले एक साहेब बाहेर आले, "मूल आहे ना? मग दाखला कशाला?" म्हणाले आणि काम झालं. पण माझ्या मागे एक आजी उभी होती, तिला तोच दाखला आणायला पाठवलेलं मी पाहिलं. मी तिला जिन्यात गाठून परत आणलं. दारावर एक कागद चिकटवला तर हे टळेल.

पहिले वकील पॅनेलवरचे. दोन तारखांना आले, मंडळासमोर उभे राहिले, सही केली, गेले. मुलाला रिमांड होममध्ये एकदाही भेटले नाहीत. त्यांच्या ज्युनिअरनं टायपिंगचे पाचशे मागितले. द्यायचे नसतात, या सेवेत पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत. मी पुढच्या भल्यासाठी दिले, ती माझी चूक. मी काळजीनं काही विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर: "निबंध लिहील आणि सुटेल." पुण्यातल्या २०२४ च्या अपघातात गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हापासून हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. लोकांचा तेव्हाचा राग मला समजतो, दोन तरुण जीव गेले होते. पण आपल्याच पक्षकाराच्या मावशीला वकिलानं ते ऐकवायचं नसतं. त्या प्रकरणातही मुलाला प्रौढ धरा असा पोलिसांचा अर्ज झालाच होता, आणि मंडळानं तो जुलै २०२५ मध्ये फेटाळला. म्हणजे निबंधावर काहीच संपलं नव्हतं.

आमच्या प्रकरणातही तसा अर्ज झाला. आम्हाला तो वकिलांकडून कळला नाही. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणीसाठी घरी आल्या, पत्र्याच्या खोलीत खाली बसून त्यांनी ताईला शाळा, मित्र, व्यसन सगळं विचारलं आणि उठताना म्हणाल्या, "मूल्यांकन झालंय ना त्याचं गेल्या आठवड्यात?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

झालं होतं. पंचवीस मिनिटांत. एक समुपदेशक आले, छापील कागदावरचे प्रश्न विचारले, खुणा केल्या. अहवालात वाक्य होतं: बालकास कृत्याच्या परिणामांची पूर्ण जाणीव असल्याचे दिसून येते. वकील हजर नव्हते. आम्हीही नव्हतो.

त्या रात्री मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, वकील बदलून द्यावा म्हणून. प्राधिकरणाचे सचिव न्यायाधीश असतात. सकाळी त्यांनी तो स्वतः वाचला, मला दोन प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी दुसऱ्या वकील दिल्या. या गोष्टीसाठी मी त्या कार्यालयाची आभारी आहे. वकील बदलून मागता येतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. मागता येतो.

दुसऱ्या वकील मॅडम वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, "मुलाला कधी भेटता येईल?" दुसऱ्या दिवशी आम्ही रिमांड होमच्या भेटीच्या खोलीत होतो. लांब बाक, भिंतीला टेकवलेली कॅरमची पाटी, वर पंखा. तो आला, मान खाली. मॅडम त्याच्यासमोर न बसता शेजारी बसल्या. जेवण, झोप, कुणी मारतं का, असं विचारून झालं. तो प्रत्येकाला "हो" किंवा मान हलवून "नाही". मग त्या सहज म्हणाल्या, "सातवीत नापास झाला होतास ना तू?"

"हो."

तो कधीच नापास झालेला नाही. माझ्या तोंडून शब्द निघणार होता, त्यांनी हातानं थांबवलं.

"आणि आई तुझी पुण्याला असते."

"हो."

"आणि या बसल्यात त्या तुझ्या आत्या ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. जन्मल्यापासून मला मावशी म्हणणारं पोर. पुन्हा मान खाली घातली आणि म्हणाला, "हो."

मला त्या खोलीत रडू आवरलं नाही. आमच्या घरातच हे झालंय. भावोजींचा आवाज चढला की या पोरानं लहानपणापासून एकच शब्द शिकला. मोठं माणूस विचारतंय म्हणजे हो म्हणायचं, मग ते लवकर थांबतं. शाळेत त्याला गुणी म्हणायचे त्याचं कारणही तेच. त्या रात्री बावीस वर्षांच्या दादानं "गाडी काढ" म्हटलं तेव्हाही त्यानं हेच म्हटलं असणार. आणि "केल्यावर काय होईल ते माहीत होतं का?" या छापील प्रश्नालाही.

मॅडमनी मंडळापुढे नव्यानं मूल्यांकन मागितलं. त्यांचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२२ चा निकाल. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं आहे की हे काम नाजूक आहे, आणि मंडळातल्या कुणाकडेही बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी नसेल तर अनुभवी तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल. भेटीच्या खोलीतलं ते "आत्या"ही त्यांनी मंडळाला सांगितलं. आमच्या मंडळाचं मला कौतुक वाटलं. दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यात एक बाई. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, साधं टेबल. त्या सदस्य बाईंनी मुलाला जवळ बोलावून विचारलं, "ह्या कोण?" या वेळी तो म्हणाला, "मावशी." बोलायला वेळ लागला, पण बाईंनी तो वेळ दिला.

दुसरे तज्ज्ञ सरकारी रुग्णालयातले डॉक्टर. चार बैठका घेतल्या, एक ताईबरोबर. त्यांनी हो-नाहीचे प्रश्नच विचारले नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. "त्या दिवशी दुपारी काय जेवलास" इथून सुरुवात. पुढे, "गाडी काढल्यावर पुढे काय होणार असं वाटलं होतं तुला?" त्यावर त्याचं उत्तर अहवालात त्याच्याच शब्दांत आहे: "दादा बोलला तो मोबाईल देऊन टाकेल, मग आपण भुर्जी खायला जाऊ." गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला, एवढंच मूल्यांकनात पाहायचं असतं. गुन्हा केला की नाही हे त्यात ठरत नाही, तो खटला नव्हे. पण आमचं सगळं नशीब त्या कागदावर होतं.

मॅडमनी मला न्यायालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसून, फाईलच्या पाठीवर रेघ मारून समजावलं होतं काय पणाला लागलंय. बालक म्हणून चौकशी झाली आणि दोषी ठरला तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि नंतर तो डाग नोकरीच्या वा कसल्याच आड येत नाही. प्रौढ म्हणून पाठवला तर प्रकरण मंडळाकडून बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर. तिथे पुन्हा एकदा विचार होतो, खरंच प्रौढ म्हणून चालवायचं का, ही एक खिडकी शिल्लक असते. पण तिथेही हो ठरलं तर शिक्षा मोठ्या माणसाची. फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही, बाकी सगळं. २१ वर्षांपर्यंत सुरक्षित स्थानी ठेवतात, २१ ला पुन्हा पाहतात किती सुधारला, आणि पुरेसा वाटला नाही तर उरलेल्या वर्षांसाठी तुरुंग. शिवाय कलम २४ नं पुसला जाणारा डाग त्याच्या बाबतीत पुसला जात नाही. त्या हे सांगत होत्या आणि मला ताईचा चेहरा दिसत होता. तिला मी यातलं निम्मं अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. डिसेंबर २०१५ मध्ये, दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला तो अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी सुटला आणि लगेच २२ तारखेला राज्यसभेत हा कायदा मंजूर झाला, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून म्हटलं होतं, बरं झालं. सोळाचा काय न् अठराचा काय, ज्याला बलात्कार कळतो त्याला शिक्षाही कळली पाहिजे. त्या मुलीबद्दल आजही मला तेवढंच वाटतं. पण तेव्हा मला वाटलं होतं की हा कायदा फक्त तसल्यांनाच लागेल. गाडी चालू ठेवून बसलेल्या "हो"वाल्याला तो कसा शोधून काढतो, ते मी आता पाहिलं.

३११ वरही मॅडम लढल्या. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ३९७ होतं आणि त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचं १९७५ पासून म्हणणं आहे की किमान सात वर्षांची शिक्षा ज्यानं स्वतः शस्त्र वापरलं त्यालाच, सोबतच्यांना नाही. कोयता आमच्या मुलाच्या हातात कधी नव्हताच, जखमी पोराच्या जबाबातही तसंच आहे. पहिल्या वकिलांच्या हातात तोच जबाब दोन महिने होता.

तीन महिन्यांत मूल्यांकन संपवावं असं कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ही मुदत अगदी बंधनकारक नाही असं सांगितलंय. आमचे पाच झाले. मधेच जामीन मिळाला, दर सोमवारी परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी. मग मंडळाचा आदेश आला: बालक म्हणूनच चौकशी होईल. अपिलाला ३० दिवस असतात, ते एकेक मोजले. अपील झालं नाही. चौकशी अजून चालू आहे आणि त्यानं केलं त्याची जबाबदारी त्याला घ्यावी लागेल. मला ते मान्य आहे.

तर, पाचपैकी. पहिल्या वकिलांना एक, कारण तारखेला येत होते. मॅडमना पाच, आणि पाचशेच्या जागी पाच हजार देऊ केले तरी त्यांनी घेतले नाहीत. प्राधिकरणाला तीन. वकील देतात, बदलूनही देतात, पण दिलेला वकील मुलाला भेटला का हे कुणी विचारत नाही. रिमांड होमच्या भिंतीवर १०९८ होता, १५१०० कुठे नव्हता. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: किमान सात वर्षांचं कलम लागलंय का, प्रौढ धरण्याचा अर्ज झालाय का, आणि मूल्यांकन कोण आणि कधी करणार. मूल्यांकनाआधी वकील मुलाला भेटलाच पाहिजे. नाही भेटला तर सचिवांना अर्ज. मुलाचा शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि वह्यासुद्धा न्या, डॉक्टरांनी आमच्याकडे वह्या मागितल्या होत्या.

आता ते बोटांचं. आदेश मिळाला त्या दिवशी मी प्राधिकरणाच्या व्हरांड्यात प्रतीसाठी थांबले होते. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्या हातात पेन बघून म्हणाल्या, "ताई, एवढं भरून देता का? मला लिहिता येत नाही धड." पीडितांना नुकसानभरपाई मिळते तिचा अर्ज, तोही याच कार्यालयात करायचा असतो. मी भरायला घेतला. जखमीचं नाव त्यांनी सांगितलं तेव्हा माझा हात थांबला. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पूर्ण अर्ज भरला. दुखापतीच्या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, उजव्या हाताची दोन बोटं, गाडीचा ब्रेक दाबता येत नाही, काम सुटलं. मग पेन मिटून मी कोण ते सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "अंगठा कुठं करायचा?" मी जागा दाखवली.

त्यानंतर दोनदा त्या कार्यालयात गेले. दोन्ही वेळा त्यांच्या अर्जाचं विचारलं. अजून चौकशीलाच आहे म्हणतात.